आधी दिवे मालवा

मास्तरांचा निरोप एवढाच होता : "शनिवारी रात्री इगर्जीत ये. येताना बॅटरी आणू नकोस."

त्याच रात्री मी पुढे जिथे जाणार होते तिथेही हीच अट असते. मोरजीच्या तेंबवाड्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालून जातात, आणि एप्रिल उलटेपर्यंत त्यांतली पिल्लं रात्रीची बाहेर पडत राहतात. त्या वेळी किनाऱ्यावर उजेड चालत नाही. मी डिचोली तालुक्यात उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि हंगामात शनिवार-रविवार मोरजीला येऊन घरट्यांच्या राखणदारांबरोबर बसते.

मास्तर पेडण्याचे, ख्रिस्ती, जन्म १९४६चा. मराठी प्राथमिक शाळेत त्यांचं उभं आयुष्य गेलं. मधली सहा वर्षं ते बदलीवर डिचोलीत होते, तेव्हा तिसरी-चौथीत मी त्यांच्या हाताखाली शिकले. खुरसापुढची लादाईन, म्हणजे प्रार्थना, कोंकणीत आणि पत्र मराठीत, असं त्यांचं घर. बार्देश-साष्टीच्या लोकांना हे चटकन उमगत नाही. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ साली, डिचोली त्याआधी काही वर्षं. जुन्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी आधी जिंकलेल्या भागात, सोळाव्या-सतराव्या शतकात जे झालं ते इकडे झालं नाही. देवळं जागच्या जागी राहिली, आणि मोजकी ख्रिस्ती घरं शेजाऱ्यांची भाषा वाचत वाढली.

त्या शनिवारी संध्याकाळी मास्तरांच्या घरापुढच्या बलकांवात बसलो होतो. वादाला तोंड मी फोडलं.

"मास्तर, तुमच्या धर्मात उजेड फार. नाताळचं नखेत्र, मेणबत्ती, दिव्याचा दाखला. मला त्यातली एकच गोष्ट खुपते : हा उजेड एकुलता एक आहे, हा दावा."

"दावा कुणाचा, बाय? ख्रिस्ताचा की त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांचा?"

"हा फरक माझ्या पूर्वजांना कळायला वाव नव्हता. आमचं मूळ घर नार्व्याचं. सप्तकोटेश्वर आधी नदीपलीकडे, दिवाडीला होता. ते देऊळ १५६०च्या सुमारास पाडलं. लोकांनी लिंग अलीकडच्या तीरावर आणलं, कारण इथे पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. पुढे १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे आम्ही पाचवीला तुमच्यासारख्यांकडूनच शिकलो. जगाचा प्रकाश घेऊन जे आले, त्यांच्यामुळे आमच्या माणसांना आपली समई लपवून नदी उतरावी लागली."

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. समोर माडांच्या शेंड्यांवरचं ऊन निघून गेलं.

"१५६०लाच इन्क्विझिशन इथे आलं," ते म्हणाले. "मधली काही वर्षं सोडली तर १८१२पर्यंत राहिलं. मी ते वाचलंय, आणि वाचताना कुणाची बाजू घ्यावी असं मला एकदाही वाटलं नाही. पण ती आग होती. तिला उजेड म्हणू नकोस."

"आग वेगळी आणि उजेड वेगळा, एवढं सोपं आहे का ते? जळल्याशिवाय कुठली वात उजेड देते?"

"जळतं कोण, ते बघ. मेणबत्ती स्वतः जळते. त्यांनी दुसऱ्यांना जाळलं."

हे उत्तर माझ्या मनात राहिलं, पण मला ते पुरलं नाही. आपल्या धर्माच्या नावावर घडलेलं वाईट ते सगळं परकं आणि चांगलं ते सगळं आपलं, अशी वाटणी कुणालाही करता येते. आम्हीही करतो. मी तसं बोलून दाखवलं. मास्तरांनी मान हलवली आणि दुसरीकडून सुरुवात केली.

"योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो. लोकांना तेवढंच आठवतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, तो तेच शब्द समोर बसलेल्यांना लावतो. समोर कोण बसलं होतं? मासे पकडणारे, आजारी, दारिद्र्याने वाकलेले. त्यांना तो सांगतो की जगाचा उजेड तुम्ही आहात. ज्याला मक्ता हवा असतो तो असा वाटून टाकत नाही. ३२५ साली नायसियाला धर्मसभा भरली, तिथेही वाद हाच होता, की पुत्र पित्याहून उणा की बरोबरीचा. उत्तर देताना त्यांना उजेडाचाच आधार घ्यावा लागला. उजेडातून आलेला उजेड उणा नसतो. एका वातीवर दुसरी लावली तर पहिलीचं काही जात नाही, आणि दुसरीला उसनं कुणी म्हणत नाही."

"हा दाखला ज्ञानेश्वरीतही आहे. दिव्याने दिवा लावला तर आधीचा कुठला ते ओळखू येत नाही."

"म्हणून तर स्टीफन्सला तुझ्या भाषेत इतकं मोकळं वाटलं," मास्तर म्हणाले, आणि मला कळलं की आता अर्धा तास उठता येणार नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हा मास्तरांचा जिवाचा विषय. हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात उतरला आणि त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं. ते १६१६ साली रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं, आणि त्याच शतकात आणखी दोनदा निघालं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. इथल्या लोकांच्या भाषेत देव सांगावा असं एका पिढीला वाटलं, आणि १६८४मध्ये पोर्तुगीज विसरेईने (व्हाइसरॉयने) त्या भाषेवरच बंदी घातली. ग्रंथ तगला तो हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. १९०७मध्ये मंगळुरात सालढाणांनी तो पुन्हा छापला. एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडलं.

"दिवा लावून मापाखाली ठेवू नये, हे तुमच्याच पुस्तकात आहे ना?" मी विचारलं.

"आहे. आणि आम्ही ठेवला. या पापाला दुसरा धनी नाही."

इगर्जीची घंटा वाजली नाही. पवित्र गुरुवारनंतर ती मुकी असते. आम्ही आपलेच उठलो.

पुढचं मला सावकाश सांगायचं आहे, कारण आयुष्यभर ख्रिस्ती शेजारात राहूनही मी ते कधी पाहिलं नव्हतं. नाताळची नखेत्रं आम्ही पाहतो, फेस्तांना जातो, पण ईस्टरच्या आदल्या या रात्री आम्हाला कुणी बोलावत नाही आणि आम्ही जात नाही. इगर्जी पूर्ण काळोखात होती. वेदीजवळचा एरवी अखंड तेवणारा तांबडा दिवाही दोन दिवसांपूर्वीच मालवलेला. माणसं बाहेर अंगणात उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात एक न पेटलेली मेणबत्ती. पायरीपुढे लाकडांची लहानशी रास पेटवली. फादरनी हातभर उंचीची जाड मेणबत्ती घेऊन तिच्यावर खुरीस रेखला, ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहिलं, मग चालू वर्षाचे चार आकडे. ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या जागी धुपाचे पाच खडे बसवले. मग त्या नव्या आगीवर ती पेटवली आणि तेवढीच एक ज्योत घेऊन ते काळोखात शिरले.

वाटेत ते तीनदा थांबले. दर वेळी मेणबत्ती उंच धरून ख्रिस्ताच्या उजेडाची घोषणा, आणि लोकांचं धन्यवादाचं उत्तर. दुसऱ्या थांब्यापाशी पुढच्या माणसाने आपली वात त्या ज्योतीला लावली, त्याच्यावरून मागच्याने, असं होत होत रांगांतून उजेड माझ्यापर्यंत आला. माझ्या शेजारच्या म्हातारीने माझ्या हातात मेणबत्ती नाही हे पाहिलं. आपली मोडून तिने अर्धी मला दिली आणि उरलेल्या अर्धीवरून ती लावून दिली.

डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. मी हे दरवर्षी मुलांना शिकवते. अंगणात आम्ही तेवढा वेळ नक्की उभे होतो. म्हणून आत शिरलेल्या त्या एका ज्योतीने छपराचे वासे दिसले. दिवे चालू असते तर ती कुणाच्या लक्षातही आली नसती.

नंतर एक लांब स्तोत्र गायलं गेलं, त्यात ज्यांच्या मेणाची ती मेणबत्ती त्या मधमाशांचाही उल्लेख असतो, असं मास्तर कानात म्हणाले. मग वाचनं सुरू झाली, आणि पहिलंच वाचन देवाने उजेड निर्माण केला तिथलं.

परतताना गाडीत मास्तर म्हणाले, "माझ्या लहानपणी हे सगळं शनिवारी सकाळी व्हायचं."

"सकाळी?"

"सकाळी. कित्येक शतकं हा विधी सरकत सरकत उजाडल्यावर येऊन बसला होता. बाहेर लख्ख ऊन, आणि आत आम्ही मेणबत्ती घेऊन अंधार हटल्याचं गातो आहोत. शब्द सगळे बरोबर, पण मला काहीच कळायचं नाही. पोप बाराव्या पायसने १९५१मध्ये तो प्रयोग म्हणून रात्री आणला आणि १९५६पासून सगळीकडे रात्रीचा केला. मी दहा वर्षांचा होतो. पहिल्यांदा काळोखात उभा राहिलो आणि आईचा हात घट्ट धरला. कशाची गोष्ट चालली होती ते त्या दिवशी समजलं."

तेंबवाड्याला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मास्तरांना मी घरी सोडणार होते, पण ते उतरायला तयार नव्हते. बॅटरीवर लाल कागद लावून वाळूतून चाललो. जाळीचं कुंपण घातलेल्या घरट्यापाशी राखणदार बसला होता. अंडी घातल्याला अठ्ठेचाळीस दिवस झाले होते, म्हणजे आज-उद्याच. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात.

मी मास्तरांना समजावलं. पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा त्याला समुद्र ठाऊक नसतो. त्याला दोन गोष्टी कळतात : मागे वाळूच्या टेकड्या आणि झाडी म्हणजे उंच काळोख, पुढे पाण्यावरचं आभाळ म्हणजे खाली पसरलेला फिकट उजेड. ते फिकटाकडे धावतं. लाखो वर्षं हे बरोबर चाललं. आता मागच्या बाजूला खानावळींच्या दिव्यांच्या माळा आहेत. पिल्लू वळून तिकडे जातं, कुत्र्यांच्या आणि कुर्ल्यांच्या तोंडी पडतं, नाहीतर सकाळच्या उन्हात सुकून मरतं.

"म्हणून उजेडाचं प्रतीक मला अर्धवट वाटतं," मी म्हटलं. "उजेड वाट दाखवतो तसा वाट चुकवतोही, आणि जास्त झगझगीत असतो तोच जास्त चुकवतो. पिल्लाला निवड करता येत नाही. ज्याच्यामागे जावंच लागतं त्याला मार्गदर्शक कसं म्हणायचं?"

"तीन राजांची गोष्ट आठवते?" मास्तरांनी विचारलं.

मला रेइश मागुशची इगर्जी आठवली, मांडवीच्या पलीकडे, पणजीसमोर. सहा जानेवारीला तिथे तीन मुलगे राजांचा पोशाख करून निघतात.

"सगळे म्हणतात ताऱ्याने त्यांना बेथलेहेमला नेलं. मत्तयाचं नीट वाच. ते आधी जेरुसलेमला गेले, कारण राजा जन्मला तर राजवाड्यात, असं त्यांना वाटलं. हेरोद राजाच्या त्या शहरात त्यांना वाट विचारावी लागली. म्हणजे तिथे तारा दिसत नव्हता, असं मी समजतो. ते बाहेर पडले तेव्हा तो पुन्हा दिसला, आणि त्यांना अतिशय आनंद झाला. हरवलेलं सापडल्याशिवाय असा आनंद होत नाही. आणि मधल्या त्या चुकीची किंमत हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या लेकरांनी दिली. तुझी पिल्लं दिव्यांच्या माळांकडे वळतात, तेही वळले होते."

"मग देवाने तारा अधिक मोठा का नाही केला?"

"मोठा केला असता तर तोही खानावळीचा दिवा झाला असता. तो बारीक आहे म्हणून त्याच्यामागे जायला आधी बाकीचे मालवावे लागतात. तुम्ही या वाळूत तेच करता ना?"

हे मला पटलं. पण तेवढ्याने माझा आक्षेप संपला नाही, आणि मला ते प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. आमच्याकडे दैवी उजेड मुळात वाट दाखवायला नसतो. माझे वडील शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, होते. वैशाख शुद्ध पंचमीला, व्रत पाळून, तळीत न्हाऊन, हातात रंगीत गोंड्यांचा वेत घेऊन ते पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत. त्या आगीने त्यांना कुठेही नेलं नाही. पलीकडे जे अंगण तेच अलीकडे. पण जो माणूस तीवरून गेला तो वर्षभर जरा वेगळा वागायचा, घरात आवाज चढवायचा नाही. मी मास्तरांना म्हटलं, "तुम्ही उजेडाच्या मागे जाता, आम्ही त्याच्यावरून जातो. आणि वाट दाखवायची तर आमच्या गावच्या राखणदार देवाला दिवाही लागत नाही. आजी सांगायची, रानात चुकलात तर पुढून वहाणांचा आवाज येतो, त्यामागे चाला. दिसत काही नाही."

"मेंढरं मेंढपाळाला आवाजाने ओळखतात, असं येशूही सांगतो," मास्तर म्हणाले. "तुझी आजी बरोबर होती. सगळं दिसलंच पाहिजे असं नाही."

आम्ही बसलो होतो ती मोरजाईची भूमी. लईराई, मोरजाई, केळबाय या लोककथेतल्या सात देवी-बहिणींतल्या, आणि सातवी मिराबाय, जी म्हापशाची मिलाग्रीस सायबीण झाली असं सगळे मानतात. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचं फेस्त असतं. माझी आई तेल घेऊन जाते, आणि त्या रांगेत कोण हिंदू कोण ख्रिस्ती ते पोशाखावरून कळलं तरच कळतं. शिरगावातून सायबिणीला मोगरा जातो, म्हापशाहून लईराईला तेल येतं. या प्रथेचा दाखला देऊन गोव्यात सगळं गोड आहे असं भाषण करणारे मला आवडत नाहीत. दिवाडीचं देऊळ त्या तेलाने परत उभं राहत नाही. पण घरातलं माणूस दुसऱ्या धर्मात गेलं, तर त्याच्याशी नातं काय ठेवायचं, हे इथल्या बायकांनी पंडितांना न विचारता ठरवलं. बहीण ती बहीण. आणि तिच्या घरचं तेल आपल्या देवीपुढे जाळायला हरकत वाटली नाही.

मास्तरांना मी शेवटचा प्रश्न विचारला तो आशेचा. २०१२मध्ये खाणी थांबल्या आणि पुन्हा २०१८मध्ये. दोन्ही वेळा डिचोलीत माझ्या काकाचा ट्रक अंगणात उभा राहिला, आणि त्याच्या चाकांतून गवत वर आलं. खाणींनी डोंगर खाल्ले, विहिरी आटवल्या, त्या थांबल्याचं मला दुःख नाही. पण काका रात्ररात्र ओट्यावर बसायचा. "त्याला कुठला तारा दाखवला असता तुम्ही?"

मास्तर लगेच बोलले नाहीत. लाट फुटल्याचा पांढरा पट्टा दिसायचा आणि जायचा.

"मघाशी पेटवली ती मेणबत्ती," ते म्हणाले, "ईस्टरचा काळ सरला की बाप्तिस्म्याच्या जागेजवळ ठेवतात. मूल आणलं की तिच्यावरून त्याची मेणबत्ती लावतात. आणि कुणी गेलं की तीच पेटीशेजारी पेटवतात. गेल्या वर्षी ती माझ्या बायकोच्या पेटीशेजारी होती. लोक म्हणाले, उजेडाकडे बघा, मास्तर. मी बघितलं. मला काही दिसलं नाही. ना वाट, ना स्वर्ग. मेण ओघळत होतं आणि तिच्यावर त्या वर्षाचे आकडे होते, एवढंच दिसलं. तुझ्या काकालाही काही दिसत नसेल तर मी त्याला खोटं सांगणार नाही."

"मग?"

"आज फादरनी नवे आकडे लिहिले. जुनी मेणबत्ती कपाटात गेली. ते वर्ष संपलं म्हणून मी इथे वाळूत येऊन बसलोय. गेले दहा महिने मी रात्री घराबाहेर पडलो नव्हतो."

मी काही बोलले नाही. त्यांच्या श्रद्धेतलं सगळं मला मान्य नाही, आणि ते मला मान्य व्हावं अशी त्यांनी कधी अपेक्षाही धरली नाही. पण एवढं मान्य आहे की दहा महिने ज्याला काही दिसलं नव्हतं, तो माणूस ठरलेल्या रात्री काळोखात जाऊन उभा राहिला, कुणीतरी वात पुढे करील म्हणून. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे कुठल्याही सूत्राने समजावू शकणार नाही.

तीन वाजेपर्यंत बसलो. राखणदार दर थोड्या वेळाने लाल उजेडात वाळूला हात लावून बघायचा. वाळू मध्यभागी खचली की पिल्लं वर सरकताहेत असं समजायचं. ती खचली नाही. एकही पिल्लू आलं नाही. पलीकडच्या खानावळीतली एक माळ अजून चालू होती. राखणदार उठून तिकडे गेला, काहीतरी बोलला, आणि ती बंद झाली.

"उद्या येशील?" मास्तरांनी उठताना विचारलं. गुडघा धरून ते माझ्या खांद्यावर टेकले होते.

"उद्या तुमचं फेस्त. घरी पाहुणे असतील."

"ते जेवून जातील. मी आठ वाजता तयार राहतो."

म्हातारीने दिलेली अर्धी मेणबत्ती माझ्या पिशवीत होती. मी ती त्यांच्या पुढे केली. त्यांनी घेतली नाही. शिरगावच्या जत्रेला अजून काही आठवडे होते, पण आईची देव्हाऱ्यातली समई तर रोजचीच. मी मेणबत्ती रुमालात गुंडाळून परत ठेवली, आणि लाल कागदाची बॅटरी त्यांच्या पायांपुढे धरून चालू लागले.